गाडी तापते, पण केव्हा?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते त्या क्षणी सिलिंडरमधला वायू दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. त्या आगीच्या तोंडाशी असलेला पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर वेळा असा भडका उडतो. आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर, ओतीव लोखंडाच्या भिंतीपलीकडे, साधं पाणी वाहत असतं, ऐंशी-नव्वद अंशांचं. गाडी एखाद दिवशी तापली की आपण बॉनेट उघडून वैतागतो. बाकीचे सगळे दिवस ती तापत नाही, याचं मात्र कुणाला काही वाटत नाही.

हे नवल नीट बघायचं तर नवी गाडी उपयोगाची नाही. तिच्यात सगळं सेन्सर आणि संगणकाच्या हाती असतं. बिघाड झाला की पडद्यावर आकडा उमटतो आणि आकड्यावरून पार्ट बदलला जातो. जुनी गाडी हवी, आणि ती चालवायला कर्जत तालुक्यातल्या कळंबसारखा मुलूख हवा. नेरळहून उल्हास नदी ओलांडून पुढे आलं की कळंब लागतं. गाव सपाटीवर आहे, पण कुठेही नजर टाका, डोंगर आहेच. पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरची रांग, दक्षिणेला खोपोलीच्या डोक्यावर बोरघाट. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईकरांची फार्महाउसं इकडे वाढली आणि त्यातल्या काहींच्या शेडखाली वडिलांची किंवा आजोबांची फियाट कापड पांघरून उभी असते. रविवारी कापड निघतं, गाडी धुतली जाते आणि कुणीतरी म्हणतं, चला, माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊन येऊ. तिथून पुढची, घाटात गाडी तापण्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

या फियाटचं आणि इथल्या घाटाचं नातं जुनं आहे. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरच्या बोरघाटातल्या बोगद्यांचं काम ज्यांच्या कंपनीने केलं, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाट ११०० बनवू लागला आणि १९७०च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. म्हणजे बोगदे खणणाऱ्याच्याच कारखान्यातून निघालेल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं त्याच घाटात वाफा सोडत उभ्या राहिल्या. द्रुतगती मार्गाच्या आधी ज्यांनी खंडाळ्याचा घाट गाडीने चढला आहे, त्यांना बॉनेट उघडून रांगेने थांबलेल्या गाड्या आठवत असतील. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला थांबणारा ड्रायव्हर तेवढ्यात इंजिनालाही दम खाऊ द्यायचा. श्रद्धा आणि शहाणपण एकाच थांब्यावर उरकायचं.

आता थोडा हिशोब मांडू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. माणसांसकट बाराशे किलोची गाडी नेरळहून दस्तुरीपर्यंत सुमारे ७०० मीटर उंच चढवायची. निव्वळ चढण्यासाठी लागणारी ऊर्जा निघते साधारण ८२ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूल असतात, म्हणजे खरं तर पावशेर पेट्रोलमध्ये काम व्हायला हवं. पण अशा इंजिनाची घाटातली कार्यक्षमता वीस टक्के धरली तरी पुष्कळ झाली. प्रत्यक्षात सव्वा लिटर जळतं. उरलेलं जातं कुठे? बराच भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडतो आणि एकूण उष्णतेचा तिसरा हिस्सा तरी इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. तो भरतो सव्वा कोटी ज्यूलच्या पुढे. गाडीत पाच लिटर पाणी आहे असं समजा. ते पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला पंधरा लाख ज्यूल पुरतात. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या एका चढणीत तेच पाणी आठ-नऊ वेळा उकळीला येईल इतकी उष्णता त्याच्यात ओतली जाते. तरीही ते एकदाही उकळू द्यायचं नाही, ही अट.

सुरुवातीच्या मोटारींना ही अट नव्हती. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत पाणी चक्क उकळू द्यायचे. वाफ हवेत जायची आणि चालकाने वरून पाणी ओतत राहायचं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साडेबावीस लाख ज्यूल उष्णता उचलली जाते, म्हणजे पद्धत तशी वाईट नव्हती, फक्त बरोबर हंडे घेऊन फिरावं लागे. नेरळ-माथेरानच्या छोट्या रेल्वेवर, जी १९०७ मध्ये सुरू झाली, त्या मार्गावर आजही 'वॉटर पाइप' नावाचं स्टेशन आहे. वाफेची इंजिनं चढता चढता तिथे पाणी प्यायची. त्या इंजिनाचं कामच पाणी उकळण्याचं. मोटारीच्या इंजिनाचं पाणी उकळलं की काम थांबलं. एकाच डोंगरावर दोन यंत्रं, आणि पाण्याकडून दोघांच्या अपेक्षा अगदी उलट.

उकळू न देण्याची खरी युक्ती सापडली १९००-०१च्या सुमारास. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने पहिल्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र डाखून रेडिएटर बनवला. नळ्यांच्या आतून हवा जायची आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. विचार साधा होता: पाणी जास्त लागत नाही, पाण्याला हवेची भेट जास्त ठिकाणी घडवून आणावी लागते. फियाटच्या नाकाशी असलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर त्याच कुळातला. त्यात पाणी नळ्यांतून वाहतं आणि हवा नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून. तो पत्रा हाताने चेपला जाईल इतका नाजूक असतो, म्हणून जुन्या रेडिएटरवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये.

रेडिएटरला दिवसभर एकच गणित सोडवायचं असतं: पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५वर असेल, तर फरक ६५चा. हवा ४२वर गेली की तो उरतो ४८. तोच रेडिएटर, तोच पंखा, तरी उष्णता टाकण्याची ताकद चौथ्या हिश्शाने कमी झाली. डिसेंबरात लोण्यासारखी चढलेली गाडी मे महिन्यात त्याच वळणावर का फुत्कारते, याचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं. बिघाड डिसेंबरातही होताच. थंडीने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री तापलेली गाडी आली की पहिला प्रश्न विचारतो: केव्हा तापते? मालक सांगायला लागतो रेडिएटर केव्हा बदलला, किती पैसे गेले, कोण काय म्हणालं. मिस्त्रीला त्यातलं काहीच नको असतं. गर्दीत तापते की धावताना? चढावर की सपाटीवर? चालू केल्याबरोबर की तासाभराने? चालताना की थांबल्यावर? एवढ्या उत्तरांवर अर्धं निदान बॉनेट न उघडता होतं. कारण शीतकरणाच्या साखळीतली प्रत्येक कडी वेगवेगळ्या वेळी कसाला लागते.

नेरळच्या गर्दीत तापते, पण कळंबच्या मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर पाण्यात दोष नाही, वाऱ्यात आहे. ताशी पन्नासच्या वेगाने जाताना समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा फिरतो पट्ट्यावर. या गाड्यांत एकच पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो अशा तिघांना फिरवतो. म्हणून तापमानाचा काटा चढताना जर डायनामोचा लाल दिवाही पेटला, तर विचार करत बसू नका, पट्टा तुटलाय किंवा घसरतोय. दोन वेगळ्या खात्यांच्या तक्रारी एकाच वेळी आल्या, की दोघांचा साहेब एकच असतो. पट्टा अंगठ्याने मध्यावर दाबून बघावा. अर्धा इंच दबला तर ठीक, त्याहून जास्त लवचिक असेल तर सैल आहे.

उलट, गर्दीत शांत आणि चढावर किंवा वेगात तापणारी गाडी पाण्याविषयी बोलत असते. इंजिन जोर लावतंय, उष्णता भरपूर होतेय, पण पाणी तेवढी वाहून नेत नाही. इथे बघायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे रेडिएटरचा खालचा रबरी पाइप. पंप या पाइपातून पाणी ओढत असतो. रबर जुनं आणि मऊ झालं असेल, तर जोराच्या ओढीने पाइप आतल्या आत चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते. वैताग असा, की गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत इंजिन मंदावतं, ओढ कमी होते आणि पाइप पुन्हा गोल दिसायला लागतो. म्हणून पारखी मिस्त्री एकाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगतो आणि स्वतः पाइपाकडे बघत उभा राहतो. या पाइपात कधीकधी तारेची स्प्रिंग घातलेली असते ती यासाठीच. ती गंजून गेली की कुणी नवी घालत नाही.

दुसरी गोष्ट, खुद्द रेडिएटर. इंजिन तापवून बंद करायचं, हाताला पंख्याचा धोका नाही याची खात्री करायची आणि रेडिएटरच्या जाळीजवळून तळवा हळूहळू वरून खाली, डावीकडून उजवीकडे न्यायचा. वरून खाली ऊब एकसारखी उतरत गेली पाहिजे. मध्येच कुठे गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या मेलेल्या आहेत, त्यांतून पाणी जातच नाही. थर्मामीटरशिवाय, पाच मिनिटांत, तळहातावर रेडिएटरचा नकाशा उमटतो. मला या सगळ्या विद्येत ही युक्ती सगळ्यात सुंदर वाटते.

नळ्या मरतात त्या आपल्याच हाताने. या भागात बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, पण या क्षारांचं वागणं उलटं आहे: पाणी तापलं की त्यांचा चुनखडीसारखा थर बाहेर पडतो, आणि तोही नेमका सर्वांत गरम जागी. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ती या थरातून वाहत नाही. कापून उघडलेली जुनी नळी बघितली तर आत पांढुरकं, विटकरी झाक असलेलं कवच दिसतं, लोखंडाच्या गंजाने रंगलेलं. प्रत्येक वेळी गाडी तापली, पाणी कमी झालं, बोअरचं नवं पाणी ओतलं, म्हणजे नव्या क्षारांची खेप आत पाठवली. आजार आणि औषध एकाच बादलीत.

आता चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लाल रेघेकडे धावत असेल तर? एवढ्या वेळात रेडिएटरचा संबंधच येत नाही, संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला हा छोटा दरवाजा इंजिन गार असताना बंद राहतो, म्हणजे आतलं पाणी लवकर तापतं, आणि साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. त्यात वीज नाही, संगणक नाही. पितळेच्या कुपीत मेण भरलेलं असतं. मेण वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं, कुपीतली बारीक दांडी बाहेर ढकलतं आणि दरवाजा उघडतो. गार झालं की स्प्रिंग तो मिटवते. काढून पातेल्यात ठेवा, पाणी तापवा आणि बघत बसा. काही वेळ काहीच होत नाही. मग कुणी हात न लावता तबकडी उचलली जाते, अगदी त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास. उचललीच नाही तर चोर सापडला.

आपल्याकडे मात्र यावर एक सोपा उपाय रूढ आहे: 'वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका, आपल्या हवेत लागतच नाही.' हा सल्ला मला पटत नाही. घाटात तापण्याचा प्रश्न त्याने सुटल्यासारखा वाटतो, कारण बंद अडकलेला दरवाजा गेला. पण पावसाळ्यातल्या सकाळी नेरळपर्यंत जाऊन यायचं, तर इंजिन पुरतं तापतच नाही. गार भिंतींवर पेट्रोल नीट पेटत नाही, ते तेलात उतरतं, तेलात पाण्याचा अंश साठतो आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. जास्त तापलेलं इंजिन आरडाओरडा करून मरतं. कमी तापलेलं काही न बोलता. आणि 'पाणी फार जोरात वाहिलं तर रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही' असं जे सांगतात तेही खरं नाही. पाणी गोल फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तरी तितक्याच जास्त वेळा परत येतं.

पाच मिनिटांत तापण्याचं दुसरं कारण अधिक महाग आहे, हेड गॅस्केट. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट पसरतं. हेड चाळीस सेंटिमीटर लांब धरलं आणि तापमान ऐंशी अंशांनी वाढलं, तर ते ब्लॉकपेक्षा जवळजवळ ०.४ मिलिमीटर जास्त लांबतं. दोघांच्या मध्ये चिमटलेलं पातळ गॅस्केट हे घासणं प्रत्येक फेरीला सोसतं. एखाद दिवशी इंजिन खूपच तापलं की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं आणि सिलिंडरमधला पेटलेला वायू थेट पाण्यात घुसतो. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, पाणी कुठे गळताना दिसत नाही तरी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, तेल पाहायची पट्टी काढली तर दुधाळ मेणचट थर. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर पुढे चालवू नये. गाडी टोइंग करून न्यावी.

आणि एक गुन्हेगार असा आहे, ज्याचा पाण्याशी काहीच संबंध नाही: ठिणगीची वेळ. डिस्ट्रिब्युटर थोडासा जरी मागे फिरलेला असेल, तर ठिणगी उशिरा पडते. पेट्रोल जळत असतानाच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि जी आग पिस्टनला ढकलायला हवी ती हेडला आणि व्हॉल्व्हला भाजत बाहेर पडते. ताकद कमी, म्हणून ॲक्सिलरेटर जास्त. ॲक्सिलरेटर जास्त, म्हणून उष्णता आणखी जास्त. रेडिएटर बदलला, पंप बदलला, पाइप बदलले, तरी तापते ती तापतेच, अशा गाड्यांपैकी बऱ्याच शेवटी टायमिंग लाइट लावून अर्ध्या तासात बऱ्या होतात. कमी पेट्रोल आणि जास्त हवा असं मिश्रण झालं तरी असंच होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला ते कळायचं कारण नाही. त्याचा जेट एक नंबर मोठा घालून बघणं हा उपाय अशा वेळी रेडिएटरपेक्षा स्वस्त पडतो.

पण पाणी प्रत्यक्ष उकळतं तेव्हा आत काय होतं? थोडं उकळणं वाईट नसतं, हे वाचून मला स्वतःला नवल वाटलं होतं. सिलिंडरच्या बाहेरच्या भिंतीवर अगदी गरम जागी बारीक बुडबुडे सुटतात, लगेच गार पाण्यात विरतात आणि जाताना भरपूर उष्णता उचलून नेतात. नुसत्या वाहत्या पाण्यापेक्षा हे बुडबुडे भिंत जास्त गार ठेवतात. उष्णता वाढत गेली की मात्र एका टप्प्यावर बुडबुडे एकमेकांना भेटतात आणि भिंतीवर वाफेची सलग चादर तयार होते. वाफ उष्णतेची वाईट वाहक. पाणी आता धातूला शिवतच नाही. क्षणापूर्वी जी यंत्रणा इंजिनाला वाचवत होती तीच त्याला पाण्यापासून तोडते आणि तेवढ्या जागेचं तापमान भडकतं. हळूहळू चढणारा काटा शेवटच्या टप्प्यात एकदम उडी मारतो तो यामुळे. पाऊण भाग गेला की 'बघू, वर गेल्यावर थांबू' म्हणणारे इथेच फसतात.

हा टप्पा लांबवण्यासाठी रेडिएटरला दाबाचं झाकण असतं. प्रेशर कुकरची शिट्टी जे करते तेच ते करतं: आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी उशिरा उकळतं. सात पौंडांचं झाकण असेल तर समुद्रसपाटीला पाणी १११ अंशांच्या आसपास उकळेल. झाकणाच्या आतला रबर वॉशर चिरलेला असेल, तर ते साधं झाकण झालं आणि अकरा अंशांची सवलत गेली. माथेरानच्या उंचीवर, सुमारे ८०० मीटरला, पाणी ९७ अंशांनाच उकळतं, म्हणजे वर पोहोचेपर्यंत आणखी तीन अंश हातचे गेलेले असतात. कित्येक 'तापणाऱ्या' गाड्यांचा आजार हा दोन-तीनशे रुपयांचं झाकण असतो.

आणि हेच झाकण गरम असताना फिरवलं तर काय होतं, त्याचाही हिशोब करून पाहा. आत पाच लिटर पाणी १११ अंशांवर, दाबामुळे अजून पाणीच. झाकण उघडलं, दाब गेला. आता ते १०० अंशांच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. वरच्या अकरा अंशांची उष्णता ताबडतोब वाफ करण्यात जाते. वाफ होते फक्त दोन टक्के पाण्याची, शंभरेक ग्रॅम. पण वाफ पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा व्यापते, म्हणजे ती झाली एकशे सत्तर लिटर, एका सेकंदात, रुपयाहून थोड्या मोठ्या तोंडातून, उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन, थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. ओला फडका त्यापुढे काहीच नाही.

शेवटी थांबल्यावरची गोष्ट. दस्तुरीला गाडी लावली, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झाल्यावर काटा आणखी वर सरकला, तर घाबरू नका. पंप थांबला, पंखा थांबला, पण तापलेलं लोखंड पाण्याला उष्णता देतच असतं. म्हणून चढून आल्याबरोबर किल्ली काढू नये. एक-दोन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवावं. मग दहा मिनिटांनी गाडी चालूच होईना, तर तिथे दोष पाण्याचा नाही, पेट्रोलचा आहे. पेट्रोलमधले हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांना उकळू लागतात आणि जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्ट करून बसवलेला असतो. पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरते, आणि वाफ ओढून पंपातला पडदा नुसता लपलपतो. टॅक्सीवाले यासाठी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, आणि पाच-दहा मिनिटांत गाडी चालू.

उन्हाळ्यात जुनी गाडी घेऊन कर्जत-नेरळकडे येणार असाल तर निघण्यापूर्वी गार इंजिनावर पट्टा, दोन्ही पाइप आणि झाकणाचा वॉशर बघा. बोअरचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. ते मिश्रण दाब नसतानाही १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि गंजही रोखतं. रस्त्यात तापलीच, तर सावलीत थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नका. नंतर पाणी भरताना इंजिन चालू ठेवून सावकाश, धार बारीक ठेवून भरा. तापल्या हेडवर गार पाणी एकदम ओतलं तर ते तडकतं, आणि जुन्या फियाटचं चांगलं हेड आता शोधूनही लवकर मिळत नाही.